पहाटेच्या शिकारीला मचाणावर कधी पोचायचं? या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा. २०१९ पासून शनिवार झाला आणि नोकरदारांना पहिला दिवस सुट्टी न टाकता मिळू लागला. माझ्या ओळखीतल्या इथल्या मराठी मंडळींपैकीही काही जण आता परवाना काढून जंगलात जातात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरून किती वाजता निघायचं? आणि त्यांना मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: जितकं लवकर तितकं चांगलं.

हे उत्तर अर्धंच खरं आहे. रात्रभर हरणं कुठे चरत होती, सकाळी ती कुठे बसायला जाणार आणि तुमचं मचाण या दोन्हींच्या मध्ये नेमकं कुठे आहे, यावर तुमची वेळ ठरते. हे न पाहता नुसता गजर अलीकडे ओढला, तर ज्या हरणासाठी एवढ्या थंडीत उठलात तेच हरीण तुम्ही अंधारात स्वतःच्या हाताने पळवून लावता.

आधी कायद्याचं थोडक्यात. भारतात चितळ, सांबर, भेकर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे; इथे लिहिलेलं सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगता येत नाही. मुदतीत असलेला शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते, आणि परवान्याची मुदत संपली की सूटही संपते. मित्राची बंदूक एका सकाळीपुरती घेतली तरी नियम तोच. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो, आणि तो मन लावून करावा.

घड्याळ पुढून मोजणं

‘पाचला उठू, साडेपाचला निघू, मग बघू’ असा हिशोब नेहमी चुकतो. हिशोब शेवटाकडून मागे करायचा.

पेनसिल्व्हेनियात हरणावर गोळी झाडण्याची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. नोव्हेंबरच्या अखेरीस राज्याच्या मध्यभागी, स्टेट कॉलेज या गावाच्या आसपास, सूर्य साधारण सव्वासातला उगवतो, म्हणजे वेळ सुरू पावणेसातला. पावणेसातला तुम्ही नुसते मचाणावर असून भागत नाही. तुमच्या पावलांनी ढवळलेलं जंगल तोवर पुन्हा शांत झालेलं हवं, त्याला अर्धा तास द्या: सव्वासहा. झाडावर चढणं, सुरक्षा पट्टा अडकवणं, दोरीने सामान वर ओढणं याला पंधरा मिनिटं: झाडाच्या बुंध्याशी सहा. अर्धा मैल अंधारात, चढावर, थांबत थांबत चालायला अर्धा तास: गाडीपासून साडेपाच. गाडीपाशी बूट-कपडे आवरायला पंधरा मिनिटं: सव्वापाच. घरापासून पाऊण तासाचा रस्ता असेल तर साडेचारला गाडी सुरू झालेली हवी.

लोकांचा सर्वात मोठा घोटाळा चालण्याच्या वेळेत होतो. दिवसा दहा मिनिटांत होणारी वाट रात्री, पाठीवर ओझं आणि पायाखाली वाळका पाला असताना, पंचवीस-तीस मिनिटं खाते. हंगामाच्या आधी एकदा पूर्ण सामानासह अंधारात चालून बघा. हा अंदाज दुसऱ्या कुणाला विचारून मिळत नाही.

घड्याळाच्या आणखी दोन फसव्या जागा आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या दिवशी पावणेआठच्या आत-बाहेर होणारा सूर्योदय रविवारी पावणेसातच्या सुमारास होतो. ऑक्टोबरमध्ये तिरकमठा घेऊन जाणारे जुन्याच गजरावर उठतात आणि पोचतात तेव्हा लख्ख उजाडलेलं असतं. दुसरं म्हणजे फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांच्या सूर्योदयात सुमारे २० मिनिटांचा फरक आहे. पूर्वेकडच्या मित्राने सांगितलेली वेळ पश्चिमेकडे चालत नाही. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार खातं, दरवर्षी वेळांचा तक्ता छापतं, तोच बघा. आणि कायदेशीर वेळ झाली म्हणजे गोळी झाडण्याइतकं दिसतंच असं नाही. ढगाळ सकाळी, घनदाट झाडीत, आणखी पंधरा-वीस मिनिटं समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ओळखू येत नाही. तोवर बोट बंदुकीच्या चापापासून लांबच हवं.

चरण्याच्या जागेतून चालत जाणं

ही चूक मी सर्वात गंभीर मानतो, कारण ती करणाऱ्याला कळतही नाही.

व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची हरणं रात्री मक्याच्या कापलेल्या शेतात, अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) रानात किंवा ओकच्या झाडांखाली पडलेल्या फळांवर चरतात आणि पहाटे हळूहळू दाट झाडीकडे, बसायच्या जागेकडे परततात. शेताच्या कडेचं मचाण संध्याकाळी फार छान, कारण तेव्हा हरणं शेताकडे येत असतात. सकाळी त्याच मचाणाकडे अंधारात शेत ओलांडून निघालात, तर ती शेतातच उभी असतात. तुम्हाला काही दिसत नाही, त्यांना सगळं दिसतं. अचानक एक जोरदार फुस्कारा ऐकू येतो, खुरांचा धडधडाट होतो आणि सकाळ तिथेच संपते. बऱ्याचदा तोही आवाज होत नाही. हरणं नुसती सरकून जातात आणि तुम्ही दहापर्यंत रिकाम्या शेताकडे बघत बसता.

सकाळचं मचाण आतल्या बाजूला हवं: शेत आणि दाट झाडी यांच्या मधल्या वाटेवर, डोंगराच्या सोंडेवरच्या खिंडीत, उतारावरच्या सपाट पट्ट्यावर, किंवा ओढा आणि कडा यांच्यामध्ये वाट जिथे अरुंद होते तिथे. तिथपर्यंत मागच्या अंगाने जायचं. दुप्पट अंतर पडलं तरी वळसा घ्या आणि तेवढा वेळ हिशोबात धरा.

मचाण बसायच्या जागेच्या अगदी लगत असेल तर अर्धा तास आधी पोचून उपयोग नाही. हरणं परतायच्या आधी, सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी तिथे बसलेलं असायला हवं. एवढं जमणार नसेल तर त्या जागेवर सकाळी जाऊच नये. याउलट शेत ओलांडण्यावाचून दुसरी वाटच नसेल तर मुद्दाम उशिरा निघा. विजेरीशिवाय पाऊलवाट दिसू लागेल इतकं झुंजूमुंजू होऊ द्या, शेताच्या कडेला उभं राहून दुर्बिणीतून पाहा, शेत रिकामं झालं की मगच पुढे व्हा. पहिली वीस मिनिटं हातची जातात, पण हरणं बिथरत नाहीत. अशा ठिकाणी मी याच बाजूने मत देईन.

विजेरीचा झोत शेतावर फिरवून डोळे चमकतात का बघू, असा मोह अजिबात नको. बंदूक जवळ असताना वन्यप्राण्यांवर झोत टाकणं हा गुन्हा आहे.

वारा रात्री बघून ठेवणं आणि सकाळी विसरणं

मोबाइलवरचा वारा डोंगराळ भागात अर्धीच गोष्ट सांगतो. पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. ऊन उतारावर पडलं की तापलेली हवा वर चढू लागते. मधे एक वेळ अशी येते की हवा कुठेच जात नाही, भोवऱ्यासारखी फिरते. सहाला तुमचा वास दरीत जात होता म्हणून निर्धास्त राहिलात, तर नऊला तोच वास वरच्या झाडीत पोचलेला असतो.

यावरचा उत्तम उपाय फुकट मिळतो. इथल्या माळावर मिल्कवीड नावाचं झुडूप आढळतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. शरद ऋतूत त्याची बोंडं फुटतात आणि रुईसारखीच ‘म्हातारी’ उडते. चार बोंडं खिशातल्या डबीत ठेवा. मचाणावरून एक म्हातारी सोडली की ती साठ-सत्तर पावलांपर्यंत डोळ्यांना दिसते: आधी सरळ जाते, मग ओढ्यावर आली की खाली बुडते, कधी वळून तुमच्याच झाडामागे येते. वाऱ्याची दिशा बघायला उडवतात ती बाटलीतली पूड तुमच्या नाकापुढचीच हवा सांगते, म्हातारी पुढचीही सांगते. दर अर्ध्या तासाने एक सोडा. वास चरायच्या किंवा बसायच्या जागेकडे जात असेल तर त्या दिवशी ते मचाण सोडा, दुसरीकडे बसा.

घामाघूम होऊन पोचणं

उशीर झाला की माणूस धावतो. धावला की घामेजतो, आणि घाम उणे पाच अंशांत पाठीवर थिजतो. मग साडेआठला दात वाजायला लागतात आणि खाली उतरणं भाग पडतं. जाड जाकीट अंगात घालून चालूच नका. ते पाठीवरच्या पिशवीत राहू द्या, थोडं कुडकुडतच निघा. आत सुती बनियन नको, लोकरीचं किंवा घाम शोषून न धरणारं घाला. मचाणाखाली पोचल्यावर पाच मिनिटं थांबून अंग निवू द्या, मग जाकीट चढवा. बूट गाडीच्या हीटरसमोर घालून बसलात तर पाय तिथेच ओले होतात. गाडीतून उतरल्यावरच बूट घाला.

आणि नारिंगी कपडे गडबडीत पिशवीत राहू देऊ नका. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच चमकदार नारिंगी रंग सर्व बाजूंनी दिसायला हवा. हरणांना तो आपल्यासारखा भडक दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र दिसतो, आणि तुमचा जीव त्यावरच आहे. याच कारणाने सार्वजनिक जमिनीवर अंधारात विजेरी लावूनच चाला, झोत पायापाशी ठेवा. हरीण बुजेल म्हणून विजेरी बंद करून चालण्याचा सल्ला मला पटत नाही.

चढताना घाई

मचाणावरच्या शिकारीत झाडावरून पडण्याचा धोका बंदुकीइतकाच गांभीर्याने घ्यायला हवा. दहिवर गोठलेली पायरी, सुन्न बोटं, अंधार आणि उशीर झाल्याची घालमेल हे सगळं एकाच क्षणी जमून येतं. सुरक्षा पट्टा जमिनीवर असतानाच घाला आणि झाडाला बांधलेल्या जीवनदोरीला अडकवूनच पहिलं पाऊल उचला. दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. बंदूक हातात किंवा खांद्यावर घेऊन चढू नका. रिकामी करून, नळी तुमच्याकडे राहणार नाही अशी बांधून, दोरीने वर ओढा. कायदेशीर वेळ होईपर्यंत ती रिकामीच राहू द्या. मोबाइल पिशवीत नको, लटकलेल्या अवस्थेत हात पोचेल अशा खिशात हवा. कुठल्या झाडावर आहात आणि किती वाजता परतणार, हे घरी कुणाला तरी सांगून निघा.

नऊला कंटाळून उतरणं

पहाटे एवढा खटाटोप करून बरेच जण नऊ वाजता कॉफीसाठी गाडीकडे निघतात. त्यांच्या चालण्याने हरणं उठतात आणि जो मचाणावर टिकून आहे त्याच्यासमोरून जातात. पहिल्या शनिवारी निदान साडेअकरापर्यंत बसा. नोव्हेंबरच्या मध्याला, माजाच्या दिवसांत, तिरकमठ्याची शिकार असेल तर नर माद्यांच्या शोधात भर दुपारीही भटकतात. तेव्हा डबा सोबत न्या आणि दिवसभर बसा.

तरीही गडबड झालीच तर

चालताना फुस्कारा ऐकू आला: जागीच थांबा, पाच मिनिटं हलू नका, मग सावकाश पुढे जा. नुसत्या आवाजाने बुजलेलं हरीण कधी कधी तासाभरात परत फिरतं. तुमचा वास लागला असेल तर सहसा नाही.

तुमच्या झाडाजवळ आधीच कुणाची विजेरी दिसली: सार्वजनिक जमिनीवर जो आधी पोचला त्याची जागा. आपली विजेरी दोनदा हलवून तुम्ही आहात हे कळू द्या आणि निघा. दुसरी जागा आदल्या रात्रीच ठरवून ठेवलेली असावी, तीही वेगळ्या पार्किंगपासून.

अंधारात वाट चुकली: फोनवर दिशा लागली नाही तर तिथेच थांबा. झाडाला पाठ टेकून उजाडू द्या. भलत्याच बाजूने हरणांच्या बसायच्या जागेत घुसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

झोप लागली आणि सातला पार्किंगमध्ये पोचलात: आता मचाणाकडे धाव घेऊ नका, कारण हीच हरणांच्या परतण्याची वेळ आहे. वाटेत खांद्यापेक्षा रुंद बुंधा पाहा, त्याला टेकून जमिनीवरच बसा, साडेनऊपर्यंत. मग हवा वर चढू लागली की तिची नवी दिशा म्हातारी सोडून तपासा आणि त्याप्रमाणे मचाण गाठा किंवा बसल्या जागीच राहा.