मॉरिशसमध्ये दोघांचा आठवडा: किनारा, इतिहास आणि रिसॉर्ट यांचा मेळ कसा घालावा

मॉरिशसला जाणारी बहुतेक जोडपी एकाच रिसॉर्टमध्ये सहा-सात रात्रींचे पॅकेज घेतात आणि मधले दोन-तीन दिवस 'नॉर्थ टूर', 'साउथ टूर' अशा नावांच्या सहलींसाठी दिवसभर बाहेर राहतात. त्यामुळे ज्या दिवशी रिसॉर्टचे जेवण, तलाव आणि किनारा या सगळ्यांचे पैसे भरलेले असतात, त्याच दिवशी ती दोघे बेटाच्या दुसऱ्या टोकाला गाडीत बसलेली असतात. याउलट ऐतिहासिक स्थळी पोहोचल्यावर पुढच्या ठिकाणाची घाई असल्यामुळे तिथेही वीस मिनिटांपलीकडे थांबता येत नाही. आठवड्याचा बेत आखताना पाळण्याचा मुख्य नियम म्हणूनच असा की, फिरण्याचे दिवस आणि रिसॉर्टचे दिवस एकमेकांत मिसळू नयेत. फिरण्याच्या दिवसांत साध्या गेस्ट हाउसमध्ये राहावे, महागडे रिसॉर्ट शेवटच्या तीन रात्रींसाठीच घ्यावे आणि एकदा तिथे गेल्यावर फारसे बाहेर पडू नये.

हे बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. नकाशावर ते लहान दिसते, परंतु मधला पठारी प्रदेश, उसाच्या शेतांतून वळणावळणाने जाणारे रस्ते आणि राजधानी पोर्ट लुईची सकाळ-संध्याकाळची वाहतूक यांमुळे एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला जायला एक ते दीड तास सहज लागतो. म्हणून मुक्काम तीन ठिकाणी करावा: विमानतळाजवळच्या आग्नेय किनाऱ्यावर दोन रात्री, उत्तरेला दोन रात्री आणि नैर्ऋत्येला तीन रात्री. सुदैवाने हा क्रम बेटाच्या इतिहासाशीही बराचसा जुळतो.

जाण्याचा काळ ठरवताना पावसाइतकाच वाऱ्याचा विचार करावा, आणि एजंट नेमका तो सांगायला विसरतात. बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे मे ते ऑक्टोबर हे तिथले थंड, कोरडे महिने असतात आणि त्याच काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोर धरतात. जून ते ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारसारख्या सुंदर पुळणीवर वारा इतका लागतो की, संध्याकाळी बाहेर बसणे नको होते; त्याच वेळी डोंगरांच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा शांत असतो. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य हंगाम असल्यामुळे स्वस्त मिळाले तरी त्या महिन्यांतले पॅकेज विचार करूनच घ्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांसाठी सर्वांत सोयीचे महिने आहेत.

विमानतळावरून पहिला मुक्काम थेट माहेबूर या गावी करावा, कारण लांबच्या प्रवासानंतर पुन्हा दीड तास गाडीत बसण्याचे कारण नाही आणि बेटाचा इतिहास या गावासमोरच्या उपसागरापासून सुरू होतो. डच खलाशी १५९८ मध्ये याच बाजूला उतरले आणि त्यांनी बेटाला आपला शासक नासाऊचा मॉरिस याचे नाव दिले. डच लोक १७१० मध्ये बेट सोडून गेले. डोडो पक्षी तोवर नामशेष झाला होता. त्यानंतर १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. त्याआधी काही महिने, ऑगस्ट १८१० मध्ये, माहेबूरसमोरच्या ग्रँड पोर्टच्या पाण्यात फ्रेंचांनी इंग्रज आरमाराचा पराभव केला होता, आणि त्या लढाईचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेले आहे. गावाच्या वेशीवरचे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय ज्या जुन्या फ्रेंच वाड्यात आहे, त्याच वाड्यात या लढाईत जखमी झालेल्या फ्रेंच आणि इंग्रज सेनानींवर एकाच छताखाली उपचार झाले. १७४४ मध्ये बुडालेल्या सेंट जेरां या जहाजावरच्या वस्तूही इथे आहेत. या संग्रहालयासाठी तासभर पुरतो. माहेबूरला पोहोचण्याचा दिवस शक्यतो रविवार ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सोमवारचा आठवडी बाजार सापडतो.

समुद्राची पहिली ओळख जवळच्या ब्लू बे येथे करून घ्यावी. बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळांची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतले पाणी उथळ, संथ राहते. शिवाय इथे भरती-ओहोटीतला फरक फार थोडा असल्यामुळे, कोकणात आपण जसे ओहोटीचे वेळापत्रक पाहून पोहायला निघतो तसे करावे लागत नाही. ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान असून २००८ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तळाला काच असलेल्या होडीतून प्रवाळ पाहता येतात, परंतु दोघांपैकी एकालाही थोडेफार पोहता येत असेल, तर मास्क आणि नळी घेऊन पाण्यात उतरणे कितीतरी चांगले. पायात रबरी बूट असावेत. उथळ पाण्यात काटेरी सी-अर्चिन असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला तर सुट्टीचे दोन दिवस त्यातच जातात. प्रवाळांवर उभे राहू नये. या परिसराने आधीच पुष्कळ सोसले आहे: जुलै २०२० मध्ये वाकाशियो हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज इथून जवळच प्रवाळांवर चढले आणि त्यातून सांडलेले तेल काढण्यासाठी गावकऱ्यांनी उसाची पाचट भरून तरंगते बांध तयार केले. समोरचे इल ओ एग्रेत हे छोटे बेट निसर्गरक्षकांच्या ताब्यात आहे आणि तिथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. दुर्मिळ गुलाबी कबुतरे आणि महाकाय कासवे पाहायची असतील, तर ही फेरी आधी नोंदवून ठेवावी.

दुसरा मुक्काम उत्तरेला करायचा तो पोर्ट लुईसाठी. राहण्यासाठी राजधानी नको, त्रू ओ बिश किंवा माँ श्वाझीच्या आसपास साधी खोली घ्यावी, सकाळी लवकर राजधानी गाठावी आणि दुपारी परत किनाऱ्यावर यावे. हा दिवस आठवड्याच्या कामाच्या दिवसांतच बसवावा, कारण शनिवारी दुपारपासून शहर ओस पडते आणि रविवारी पाहण्यासारखे बरेच काही बंद असते. सुरुवात आप्रवासी घाटापासून, म्हणजे हिंदुस्थानी मजूर जहाजांतून जिथे उतरत त्या धक्क्यापासून करावी. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी रद्द झाली. त्याच सुमारास, म्हणजे १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशा रीतीने इथे आली. घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्या आज रस्त्याच्या आणि इमारतींच्या मधोमध, पाण्यापासून तुटल्यासारख्या उभ्या आहेत, कारण समोरचा समुद्र पुढे भराव घालून मागे हटवला गेला. पाहायला मोजक्याच भिंती, डेपोतले स्वयंपाकघर आणि शौचालयांचे अवशेष आहेत. त्यामुळे आधी शेजारचे माहितीकेंद्र पाहावे आणि मगच पायऱ्यांकडे वळावे. उलट क्रमाने गेलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो. युनेस्कोने या घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा ठरवले. जवळच, जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत, २०२३ मध्ये गुलामगिरीचे संग्रहालय उघडले आहे. एका इतिहासाशिवाय दुसरा अर्धवट राहतो, म्हणून ही दोन्ही स्थळे एकाच सकाळी पाहावीत.

या मजुरांत रत्नागिरी आणि भोवतालच्या कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज घरात बहुधा फ्रेंचवर आधारलेली क्रेओल भाषा बोलतात, पण शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे, कोकणातल्या जाखडीचे तिथले रूप असलेला 'झाकरी' नाच टिकून आहे आणि गणेश चतुर्थीनिमित्त देशाला सार्वजनिक सुट्टी असते. पश्चिमेकडे कास्कावेल गावाच्या बाजूला मराठी वस्ती आहे. गणपतीच्या दिवसांत प्रवास असेल, तर तिथले विसर्जन जरूर पाहावे. तिथे कोणी मराठीत बोलले, तर त्यांच्या मराठीची परीक्षा घेऊ नये. दीडशे वर्षांनंतर ती उरली आहे हेच पुष्कळ झाले.

राजधानीत वेळ उरला, तर ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन सुप्रसिद्ध टपाल तिकिटे पाहता येतात. मॉरिशसमधल्या कंपन्यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये लिलावात ती विकत घेतली आणि मायदेशी आणली. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला काही मिनिटेच दिवा लावतात, तेव्हा आत शिरताच ती वेळ विचारून घ्यावी. जेवणासाठी मात्र हॉटेल शोधत बसू नये. बाजाराच्या भोवती डाळपुरीच्या गाड्या असतात. विक्रेता चण्याच्या डाळीचे सारण भरलेल्या दोन मऊ पुऱ्या हातावर घेतो, त्यांवर वालासारख्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी घालतो आणि कागदात गुंडाळून देतो. आपल्या पुरणपोळीला तिखट केले तर जसे लागेल, तसे काहीसे ते लागते. सोबत सब्जा घातलेले थंड आलूदा प्यावे. शाकाहारी माणसाची या बेटावर कुठेही उपासमार होत नाही. परतीच्या वाटेवर पांप्लमूसचे वनस्पती उद्यान आहे. परातीएवढ्या पानांची कमळे पाहावीत आणि पुढे निघावे.

आता रिसॉर्टविषयी. नैर्ऋत्येचे ल मोर्न किंवा त्याच्या वरच्या बाजूचे फ्लिक आं फ्लाक हे भाग आपल्या बेतासाठी योग्य आहेत. निवड करताना तारांकनापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पहिला प्रश्न, समोर पोहण्याजोगे पाणी आहे का? 'बीचफ्रंट' म्हणवणाऱ्या काही जागांसमोर खडक असतात, किंवा प्रवाळांची भिंत तुटलेली असल्यामुळे पाण्याला ओढ असते. दक्षिणेला ग्री ग्री येथे भिंत नसल्यामुळे समुद्र थेट कड्यावर आदळतो आणि तिथे पोहणे धोक्याचे आहे. ल मोर्नलाही टेकडीची एक बाजू संथ पाण्याची, तर दुसरी काइटसर्फिंगवाल्यांची, म्हणजेच वाऱ्याची आहे. उपग्रहचित्रात किनाऱ्यापासून लांबवर फेसाची पांढरी रेघ आणि तिच्या आत फिकट निळे पाणी दिसले, तर जागा चांगली समजावी. दुसरा प्रश्न जेवणाच्या योजनेचा. ऑल इन्क्लुझिव्ह ही योजना दिवसभर आवारातच राहणाऱ्यांना आणि मद्य घेणाऱ्यांनाच परवडते. इतरांनी सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण देणारी हाफ बोर्ड योजना घ्यावी. शाकाहारी पदार्थ रोज बदलतात का, हे ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. तिसरा प्रश्न सवलतीचा: नवविवाहितांना आणि लग्नाचा वाढदिवस साजरा करणाऱ्यांना पुष्कळ रिसॉर्ट खोलीभाड्यात सूट देतात, परंतु त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला मागतात, आणि लग्नानंतर किती महिन्यांपर्यंत ती लागू आहे याच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. आपल्याकडे लग्न धडाक्यात लागते आणि नोंदणी मागे राहते, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी तो दाखला हाती असावा.

रिसॉर्टच्या कुंपणापलीकडचा किनारा मात्र रिसॉर्टचा नसतो. मॉरिशसमधल्या पुळणी सार्वजनिक आहेत, त्यामुळे महागड्या आवारासमोरूनही कोणीही चालत जाऊ शकतो. रविवारी सार्वजनिक पुळणीवर सुरूच्या झाडांखाली स्थानिक कुटुंबे डबे, गाणी आणि डफासारखी रावान घेऊन दिवसभर बसतात. रिसॉर्टने ठरवून दिलेल्या नाचगाण्याच्या संध्याकाळपेक्षा ही दुपार अधिक खरी असते.

रिसॉर्टच्या दिवसांत एकाच सकाळी नियमाला अपवाद करावा. ल मोर्नचा ५५६ मीटर उंचीचा कातळ पळून गेलेल्या गुलामांचे आश्रयस्थान होता आणि २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या तुकडीला पाहून, आपल्याला पकडायलाच ही माणसे आली आहेत असे समजून, वर लपलेल्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी लोककथा सांगतात. खालचा टप्पा सोपा आहे. वरचा अर्धा भाग हाताने धरून चढण्याचा असल्यामुळे मार्गदर्शक घ्यावा आणि उन्हाआधी, पहाटेच निघावे. ज्याला चढायचे नसेल त्याने पायथ्याजवळचे गुलामांच्या मार्गाचे स्मारक पाहून किनाऱ्यावर थांबावे. दोघांनी प्रत्येक गोष्ट एकत्रच केली पाहिजे असे नाही. शामारेलची सप्तरंगी माती आणि गंगा तलावाजवळची ३३ मीटर उंच शिवमूर्ती ही ठिकाणे उत्तरेहून नैर्ऋत्येकडे मुक्काम हलवतानाच उरकावीत, त्यांसाठी वेगळा दिवस देऊ नये.

गाडी भाड्याने घेणे मुक्काम बदलण्याच्या दिवसांत सोयीचे पडते, कारण वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असलेला बरा. बसगाड्या सगळीकडे जातात, पण संध्याकाळनंतर त्या विरळ होतात. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, तिन्ही मुक्कामांच्या नोंदी आणि निघण्याआधी ऑनलाइन भरलेला प्रवास अर्ज कागदावर छापून न्यावा. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच ठेवावीत, आणि ई-सिगारेटवर तिथे बंदी असल्यामुळे ती सामानात नसावी. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे करावे. ल मोर्नहून विमानतळ तासाभराच्या वर आहे, म्हणून परतीचे विमान सकाळचे असेल, तर शेवटची रात्र पुन्हा माहेबूरला काढावी आणि रिसॉर्टची नोंदणी त्या हिशेबाने एक रात्र अलीकडे संपवावी.