दुधाच्या पिशव्या शाळेतून परत कशा पाठवाव्यात

पिशव्या गोळा करण्याआधी त्या कोण नेणार ते ठरवा. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते इथेच: महिनाभरात गोण्या भरतात, घेणारा सापडत नाही, आणि मुलांनी धुऊन आणलेला माल शेवटी कचराकुंडीत जातो. जवळच्या भंगारवाल्याला तीन गोष्टी विचारा. दुधाच्या पिशव्या वेगळ्या घेता का, किमान किती किलो लागतात, आणि पुढे कुणाला देता? टेम्पो मुद्दाम बोलावू नका, भाड्यातच पैसे जातात. त्याची गाडी रद्दी न्यायला येईल तेव्हाच गोण्या द्या.

आवक आधीच काढता येते. अर्ध्या लिटरची पिशवी साधारण अडीच-तीन ग्रॅमची. रोज लिटरभर दूध घेणाऱ्या घरातून आठवड्याला १४ पिशव्या निघतात. ४० मुलांच्या वर्गातून ५६०, म्हणजे जेमतेम दीड किलो. हे गणित मुलांनाच करू द्या: १०० पिशव्या मोजून तोला आणि एकीचं वजन काढा.

खरं काम घरच्या ओट्यावर आहे. पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, तुकडा लटकता राहू द्या. सुटा तुकडा इतका बारीक असतो की तो कुणीच वेचत नाही. पिशवीत थोडं पाणी घालून विसळा (ते पाणी चहात चालतं). मग एक कड पूर्ण उघडून पिशवी दोरीवर उलटी वाळत घाला. घडीत ओल राहिली की दोन दिवसांत आंबूस वास येतो, मुंग्या लागतात, आणि एका ओल्या पिशवीपायी अख्खी गोणी नासते. म्हणून दारात तपासणी हवीच. पाचवी-सहावीच्या दोन मुलांनी प्रत्येक गठ्ठा हाताने चाचपावा. ओला असेल तर न रागावता परत द्यावा.

ताकाच्या साध्या पिशव्या चालतील. चिप्सची चकचकीत पाकिटं नकोत, ती अनेक थरांची असतात. तेलाच्या पिशव्याही नकोत.

गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. शनिवारी तानकाट्यावर तोला, रिकाम्या गोणीचं वजन वजा करा, आकडा फळ्यावर लिहा. बक्षीस मात्र नगावर ठेवू नका. तसं केलं की मुलं टपरीवरच्या न धुतलेल्या पिशव्या उचलून आणतात.

राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिक अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापण्याची तरतूद होती. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी आपापल्या पिशवीवर तो मजकूर शोधावा आणि दूधवाल्याला विचारावं, पैसे परत देता का?