तंबोरा खरंच सुरात मिळाला का? कागदाच्या कपट्याने पारखा

ट्यूनरवर तंबोरा लावता येतो, पण तो सुरात मिळाला की नाही हे तारांनाच विचारावं. एका तारेचं कंपन घोडीवाटे (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तबलीत (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात) उतरतं आणि त्याच कंप्रतेच्या दुसऱ्या तारेला हलवतं. हाच अनुनाद.

आधी घोडीवरचे जवारीचे (सुराला झंकार देणारे) दोरे काढा, घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेले चारही मणी मधोमध आणा. पेटीची काळी एक सा म्हणून धरली तर जोडीच्या (मधल्या) दोन्ही तारा १३८.६ हर्ट्झ, खर्ज (खालच्या सा ची तार) निम्म्यावर म्हणजे ६९.३ आणि पंचम (प ची तार) साधारण १०४. याच क्रमाने लावा. खुंटी आत दाबत फिरवा; घसरत असेल तर तिला खडू चोळा.

आता जोड एकत्र छेडा. सूर सेकंदाला एकदा लहरत असेल तर दोन तारांत १ हर्ट्झचा फरक आहे. इथून पुढे खुंटी नको, मणीच. मणी घोडीपासून खाली सरकवला की सूर चढतो, वर घेतला की उतरतो. लहर संथ होत नाहीशी झाली की तंबोरा आडवा ठेवा. २ सेंमी लांबीचा चिंचोळा कपटा दुमडून जोडीच्या एका तारेच्या मध्यावर ठेवा आणि दुसरी छेडा. कपटा थरथरला, म्हणजे जोड मिळाली.

पंचमाला हीच जागा चालत नाही. खर्जाचा तिसरा स्वरांश (मूळ कंप्रतेच्या तिप्पट, २०८) पंचमाच्या दुसऱ्या स्वरांशाला (दुपटीला) जागवतो आणि त्या कंपनात पंचमाच्या तारेचा मध्य स्थिरच राहतो. म्हणून कपटा पंचमाच्या तारेच्या पाव लांबीवर ठेवा आणि खर्ज छेडा. खर्जही बरोबर एकतृतीयांशावर छेडू नका, दोरा नसताना तिथे तिसरा स्वरांश उठतच नाही.

मग सुती दोरा तार आणि घोडीच्या मध्ये घालून केसभर पुढेमागे सरकवा. घाई केली की ही जागा निसटते. ती सापडली की सूर उघडतो, झंकार लांबतो; चुकली की आवाज बोथट होतो किंवा चरचरतो. घोडीचा हा पसरट उतार किती महत्त्वाचा आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं: छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश गायब व्हायला हवेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात. दोऱ्यामुळे सूर थोडा हलतो, मण्याने पुन्हा मिळवा.

सगळं जुळलं की खर्जातून गंधार बोलतो, ३४६.५ हर्ट्झवर. पेटीचा गंधार ३४९ च्या वर असतो, त्याच्याशी जुळवायला जाऊ नका. दोरा कुठेही सरकवून जवारी खुलत नसेल तर तारांनी घोडीवर चर पाडलेत. पॉलिश पेपर घेऊन घरी घासू नका. ते काम मिरजेसारख्या ठिकाणच्या जाणत्या कारागिराचं.