'द क्राउन' आणि राणी एलिझाबेथवरचं बाकी सगळं बघताना खरं किती, रचलेलं किती हे कसं ओळखायचं

राणी एलिझाबेथवरचं काहीही बघायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. १९५२ ते २०२२, सत्तर वर्षं ती गादीवर होती आणि एवढ्या काळात तिने पत्रकारांना रीतसर मुलाखत अशी दिलीच नाही, फार तर तिच्या राज्याभिषेकावरच्या, २०१८ मध्ये आलेल्या बीबीसी डॉक्युमेंटरीतल्या गप्पा धरा. म्हणजे बंद दाराआड ती नवऱ्याशी काय बोलली, बहिणीवर कशी चिडली, हे पडद्यावर जे दिसतं ते लेखकाने लिहिलेलं असतं. म्हणून ते बघूच नये असं अजिबात नाही, उलट मला तर हे सगळं फार आवडतं, फक्त बघताना प्रत्येक सीनला एक प्रश्न विचारायचा: तेव्हा त्या खोलीत अजून कोण होतं?

सुरुवात २००६ च्या 'द क्वीन' या सिनेमापासून करा. ३१ ऑगस्ट १९९७ ला डायना गेली, त्यानंतरचा तो आठवडा. राणी स्कॉटलंडला बाल्मोरलमध्ये आणि लंडनमध्ये लोक चिडलेले, की राजवाड्यावर झेंडा अर्ध्यावर का नाही. इथे नियम माहीत पाहिजे नाहीतर राणी उगाच दगड वाटते: बकिंगहॅमवर राजध्वज फक्त राणी तिथे असतानाच लागायचा, आणि तो अर्ध्यावर कधीच येत नाही. शेवटी अंत्ययात्रेच्या दिवशी तिथे युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा राष्ट्रध्वज, अर्ध्यावर आला. हे सगळं अख्ख्या जगासमोर झालं, त्यामुळे तपासता येतं. ५ सप्टेंबरचं तिचं लाईव्ह भाषण शोधा आणि सिनेमातल्या भाषणाशेजारी लावून बघा, हेलन मिरनला ऑस्कर का मिळालं ते कळेल. पण गाडी नदीत बंद पडते, राणी एकटी रडते आणि समोर ते भलंमोठं हरीण उभं राहतं, तो सीन? तिथे दुसरं कोणीच नाही, म्हणजे तो सिनेमाचा लेखक पीटर मॉर्गनने रचलेला. आणि माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात सुंदर सीन तोच आहे.

मग 'द क्राउन', तोही मॉर्गनचाच, नेटफ्लिक्सवर २०१६ ते २०२३, सहा सीझन, दर दोन सीझनला राणी बदलते: क्लेअर फॉय, ऑलिव्हिया कोलमन, इमेल्डा स्टॉन्टन. यात पंतप्रधानांशी दर आठवड्याच्या भेटी भरपूर येतात. त्या भेटींना तिसरं माणूस नसतं, टिपणं ठेवली जात नाहीत, त्यामुळे तिथला संवाद कितीही खरा वाटला तरी काल्पनिक धरा.

याच्या उलट ॲबरफनचा एपिसोड, तिसऱ्या सीझनमधला, तो घाईत बघू नका प्लीज. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या त्या गावात कोळसा खाणीचा ढिगारा शाळेवर घसरला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. राणी तिथे आठ दिवसांनी पोचली ही नोंद आहे, त्याबद्दल तिच्यावर टीका झाली हेही खरं. पण तिने कोरडे डोळे पुसल्याचं नाटक केलं असं जे सुचवलंय ते लेखकाचं म्हणणं आहे, आणि एका खऱ्या बाईबद्दल, खऱ्या गावाच्या दुःखात, असं सुचवणं मला पटलेलं नाही.

मायकल फेगनचं प्रकरण तर या प्रश्नासाठी एकदम फिट. जुलै १९८२ मध्ये तो राजवाड्यात शिरून थेट तिच्या बेडरूममध्ये पोचला. सिरीजमध्ये दोघं बेकारी, थॅचर वगैरेंवर बोलत बसतात. त्या खोलीत दोनच माणसं होती आणि त्यातला एक, म्हणजे फेगन स्वतः, नंतर म्हणाला की ती उठून धावतच बाहेर गेली. म्हणजे ती सगळी चर्चा रचलेली.

डिस्क्लेमरची वाट बघत बसू नका. २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी तशी मागणी केली, नेटफ्लिक्सने गरज नाही म्हणून सांगितलं, मग २०२२ मध्ये पाचव्या सीझनच्या ट्रेलरखाली 'काल्पनिक नाट्य' अशी ओळ आली तेवढीच.

आता दुसरी बाजू, राणीने स्वतःच स्वतःची भूमिका केली ती. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात जेम्स बाँड झालेल्या डॅनियल क्रेगबरोबर (विमानातून उडी अर्थातच स्टंटमनची), आणि जून २०२२ मध्ये मुलांच्या गोष्टींतल्या पॅडिंग्टन अस्वलाबरोबर चहा, पर्समधून मार्मलेड सँडविच काढून. हेही रचलेलंच, फक्त स्क्रिप्टला तिची परवानगी होती, त्यामुळे तिला कसं दिसायचं होतं ते इथे कळतं. १९६९ मध्ये घरातलं आयुष्य दाखवणारी डॉक्युमेंटरी तिने करू दिली होती, पुढे राजवाड्याने ती कपाटात टाकली आणि १९७७ नंतर ती टीव्हीवर पूर्ण दाखवली गेली नाही. किती दाखवायचं याचा तिचा हिशोब त्यानंतर बदललाच.

अभिनय कसा जोखायचा? आवाजावरून. तिचं टीव्हीवरचं पहिलं ख्रिसमस भाषण १९५७ चं, ते ऐका आणि मग क्लेअर फॉय बघा. नंतर ऐंशीच्या दशकातलं एखादं भाषण ऐका. तिचे स्वर वर्षागणिक बदलत सर्वसामान्य इंग्रजीच्या जवळ सरकले, भाषाशास्त्रज्ञांनी याच ख्रिसमस भाषणांवर अभ्यास करून ते दाखवून दिलंय. त्यामुळे सगळ्या वयात एकच कडक उच्चार वापरणारी राणी दिसली तर समजा, त्या टीमने नक्कल केलीये, पण ऐकलेलं नाहीये.