उलंगवाडीनंतरचा निवांत प्रवास : एक जुने शहर, एक बंदर

विदर्भातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबाला लांबच्या प्रवासासाठी खरी उसंत मिळते ती कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यावर आणि हरभरा घरात आल्यावर, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून होळीपर्यंत. याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असल्यामुळे शहरी पर्यटक घराबाहेर पडत नाहीत, दिवाळी-नाताळची झुंबड ओसरलेली असते आणि मे महिन्याची सुट्टी अजून दूर असते. त्यामुळे खोली सहज मिळते, भाड्याबद्दल बोलता येते आणि माणसांना आपल्याशी बोलायला वेळ असतो.

ठिकाणे दोनच ठरवावीत. आठ दिवसांत आठ गावे पाहण्याचा बेत केला, तर अर्धा वेळ बसस्थानकावर जातो आणि एकही गाव नीट लक्षात राहत नाही. एक ऐतिहासिक शहर आणि एक किनाऱ्यावरील गाव एवढेच निवडावे व प्रत्येक ठिकाणी किमान तीन मुक्काम करावेत. आपल्या भागातून जाणाऱ्यांसाठी कोल्हापूर आणि मालवण ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते, कारण गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव अशी आपल्याच गावांजवळून जाते आणि गाडी बदलावी लागत नाही. प्रवास एक दिवस-रात्रीहून मोठा आहे. म्हणून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होताच करावे आणि भाकरी-चटणीची शिदोरी बरोबर घ्यावी.

आरक्षणापूर्वी पंचांग उघडावे. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा याच सुमारास भरते आणि तिची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातील कुणकेश्वरला मोठी यात्रा असते, तर शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात. या तिन्ही वेळी एसटीत पाय ठेवायला जागा नसते. जत्राच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी. पण निवांतपणा हवा असेल तर हे दिवस टाळावेत. घरच्या गुरांचे दूध काढणे, चारापाणी आणि रात्रीची राखण कोण करणार, हेही याच वेळी नक्की करावे, कारण मागे ढोरांची काळजी असेल तर माणूस तिसऱ्या दिवशीच परतीची गाडी शोधू लागतो.

कोल्हापुरात पायी फिरावे. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी खोली घ्यावी आणि मंगळवार, शुक्रवार व रविवार सोडून सकाळी लवकर दर्शन घ्यावे. भवानी मंडप, बिंदू चौक आणि शाहू महाराजांनी उभारलेले खासबागचे कुस्ती मैदान हे सारे पायी होते. पन्हाळ्यासाठी मात्र पूर्ण दिवस द्यावा. तेथील अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची प्रचंड दगडी धान्यकोठारे आहेत. ज्यांच्या घरी पूर्वी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, ज्वारी साठवली जात असे, त्यांनी या कोठारांच्या भिंतींची जाडी जवळून पाहावी. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज याच गडावर काही महिने अडकले होते. तेव्हा साठवलेल्या धान्याचे मोल काय असेल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

घाट दिवसा उतरावा. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटमार्गे कणकवलीकडे जाणारी सकाळची एसटी पकडावी. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यासाठी आधार कार्ड जवळ असू द्यावे.

समुद्राची वेळ तिथीवरून काढावी. आपल्याकडच्या माणसाला नदीचा पूर कळतो, पण भरती-ओहोटी नवी असते. कोकणातील जुना हिशेब असा आहे की, पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता आणि अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती असते, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि हे चक्र दिवसातून दोनदा फिरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. त्या दिवशी मुलांना पाण्यापासून लांब ठेवावे. एरवीही स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणीही उतरू नये.

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गावर जाता येते. १६६४ मध्ये पाया घातलेल्या या किल्ल्यात चहूबाजूंनी खारे पाणी असूनही दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. होडीवाल्याला परतीची वेळ आधीच विचारून पुरेसा अवकाश मागून घ्यावा, कारण घाईत तटावरून फिरणे होत नाही. एखादी सकाळ मात्र काहीही न ठरवता किनाऱ्यावर घालवावी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर दोन्ही बाजूंनी दोर खेचणारी माणसे हळूहळू जवळ येतात, जाळे वाळूवर येते आणि मासळीचे वाटे तेथेच पडतात. हे फोटोसाठी थांबून नव्हे, तर दोराला हात लावून पाहावे. आधी विचारले तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. जेवण घरगुती खानावळीत घ्यावे. मासे न खाणाऱ्यांना घावणे, उसळ आणि सोलकढी मिळते.

पावसाळ्यात हा बेत करू नये. त्या काळात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, मासेमारी थांबलेली असते आणि घाटात दरडी कोसळतात. श्रावणात मोकळे दिवस मिळाले, तर चंद्रपूर गाठावे. गोंड राजांचा परकोट जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांसह अजून उभा आहे, आणि उन्हाळ्यात अंग भाजणारे हे शहर पावसात पायी फिरण्याजोगे होते.

परतीसाठी मालवणहून कुडाळ स्थानक गाठून कोकण रेल्वेने पनवेलला यावे आणि तेथून कल्याणमार्गे विदर्भाकडची गाडी धरावी. दोन गाड्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे, आणि होळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांतली परतीची तिकिटे जाण्याच्या तिकिटांबरोबरच काढून ठेवावीत.