कॅनडाचा पीआर आणि लग्नाची तारीख: जोडप्यांनी अर्ज कसा भरावा

'एक्स्प्रेस एन्ट्री' या कुशल कामगारांना गुणांवर निवडणाऱ्या पद्धतीमार्फत कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे स्थायी निवासासाठी, अर्ज करताना वैवाहिक स्थितीचा रकाना सर्वांत विचारपूर्वक भरावा. साखरपुडा झाला असला तरी अर्जदार कायद्याने अविवाहितच असतो. उलट, आधी नोंदणी विवाह उरकून मुहूर्तावरचे लग्न नंतर करायचे ठरले असेल, तर नोंदणी विवाहाच्या दिवसापासूनच तो विवाहित ठरतो. 'खरे लग्न अजून व्हायचे आहे' ही घरातली समजूत तिथे चालत नाही. लग्नाशिवाय सलग 12 महिने एकत्र राहिलेल्यांनाही जोडीदाराचा दर्जा मिळतो, मात्र भाडेकरार, संयुक्त बँक खाते असे पुरावे द्यावे लागतात.

वैवाहिक स्थितीनुसार निवडीचे गुणही बदलतात. अविवाहित अर्जदाराला वयासाठी कमाल 110 आणि शिक्षणासाठी 150 गुण असतात. जोडीदारासह अर्ज केल्यास हेच आकडे 100 आणि 140 होतात. जोडीदारासाठी 40 गुण राखलेले असतात, त्यांपैकी 20 भाषेचे, म्हणून त्यानेही भाषेची परीक्षा अवश्य द्यावी. मुख्य अर्जदार नवराच असावा असा नियम नाही; दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मोजून पाहावेत.

गुण वाढावेत म्हणून लग्न लपवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नये. खोटी माहिती उघडकीस आल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते. शिवाय अर्जात न दाखवलेल्या आणि त्यामुळे तपासणी न झालेल्या जोडीदाराला पुढे कुटुंब प्रवर्गातून बोलावण्याचा मार्ग सहसा बंद होतो. जोडीदार सोबत येणार नसला, तरी त्याचे नाव लिहावे आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

आधी ऑनलाइन प्रोफाइल भरावे लागते; निवडीच्या फेरीत पुरेसे गुण असलेल्यांना अर्ज करण्याचे निमंत्रण येते. निमंत्रण आल्यावर अर्जासाठी 60 दिवस मिळतात. या काळात लग्न झाल्यास गुण पुन्हा मोजावेत, आणि ते त्या फेरीच्या किमान गुणांखाली गेल्यास निमंत्रण नाकारून प्रोफाइल दुरुस्त करावे. अर्ज दिल्यानंतर, पण पीआर मिळण्यापूर्वी लग्न झाले, तर ते ताबडतोब कळवावे.

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र केवळ मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव आणि आडनावही बदललेले असते, तेव्हा अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहून दुसरे नाव पूर्वी वापरलेल्या नावांच्या रकान्यात नोंदवावे.