ऑफिसच्या वाय-फायवर सर्टिफिकेटने फोन जोडताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात चाकणच्या एका गोदामातून फोन आला. सणाच्या गर्दीसाठी राखून ठेवलेले बावीस टॅब कपाटातून बाहेर काढले होते आणि एकालाही वाय-फाय लागत नव्हतं. मे अखेरीस नीट आवरून ठेवलेले टॅब. बॅटरी पार उतरल्यामुळे काहींची तारीखही भलतीच दाखवत होती. इथे वाय-फायला पासवर्ड नव्हता, सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, होतं. समोरच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत टॅब स्वतःच्याच घड्याळावरून तपासतो, त्यामुळे तारीख आधी बघणं योग्यच होतं. तारीख दुरुस्त केली, तरी लागेना.

खरं कारण वेगळं होतं. टॅबची सर्टिफिकेटं एक वर्षाची होती आणि मुदतीचा २० टक्के काळ उरला की, म्हणजे शेवटच्या ७३ दिवसांत, ती आपोआप रिन्यू व्हायची. ते ७३ दिवस टॅबनी कपाटात, बंद अवस्थेत काढले. सप्टेंबरमध्ये मुदत संपली. आता नवं सर्टिफिकेट मिळवायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कवर यायला सर्टिफिकेट हवं. टॅबमध्ये सिमही नव्हतं. शेवटी एकाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून एकेक टॅब जोडला. दुपार त्यात गेली.

सिम नसलेली उपकरणं असतील तर एक वेगळं, छोटं वाय-फाय आधीपासून तयार ठेवा. त्यावरून फक्त एमडीएम (फोन-टॅब दुरून सांभाळणारी यंत्रणा), सर्टिफिकेट देणारा सर्व्हर आणि वेळ देणारा सर्व्हर एवढंच गाठता यावं. आणि कपाटातले टॅब महिन्यातून एकदा चार्ज करून तासभर वाय-फायवर ठेवा.

फोन सर्व्हरला ओळखतच नाही

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही आहे, आणि ती दिसत नाही, कारण सगळं चालू असतं. ईएपी-टीएलएसमध्ये, म्हणजे सर्टिफिकेटने वाय-फायवर घेण्याच्या पद्धतीत, ओळख दोन्ही बाजूंनी पटवायची असते. फोन आपलं सर्टिफिकेट दाखवतो, तसं कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा रेडियस सर्व्हरही आपलं दाखवतो, आणि फोनने ते तपासायचं असतं. आपण फोनच्या सर्टिफिकेटवर महिनाभर मेहनत घेतो आणि सर्व्हरच्या तपासणीपुढे ‘तपासू नका’ निवडून मोकळे होतो. मग त्याच नावाचं वाय-फाय पार्किंगमध्ये कुणी चालू केलं, तर फोन बिनदिक्कत त्याला जाऊन जोडतो. ईएपी-टीएलएसमध्ये पासवर्ड किंवा खासगी की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, हाती लागत नाही हे खरं, पण फोनची सगळी वाहतूक त्या माणसाच्या हातातून जाते. जिथे अजून पासवर्डवालं पीईएपी चालू आहे, तिथे परिस्थिती याहून वाईट. त्यातल्या एमएस-चॅप व्ही२ या पासवर्ड तपासायच्या पद्धतीची सुरक्षा एका डीईएस कीच्या, म्हणजे एका जुन्या, कमकुवत कुलपाच्या, ताकदीवर येऊन ठेपते, हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवलं गेलं आहे.

अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेल फोनवरून ‘तपासू नका’ हा पर्याय काढून टाकला गेला. तेव्हा अनेक ठिकाणी ‘नवीन फोन जोडत नाहीत’ अशी ओरड झाली. दोष फोनचा नव्हता, सेटिंगमध्ये डोमेनची जागा कधी भरलेलीच नव्हती. तिथे रेडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटमधल्या सॅन या नावांच्या रकान्यात असलेलं नाव, किंवा त्याचा शेवटचा भाग, लिहायचा असतो. सार्वजनिक संस्थेकडून घेतलेलं सर्टिफिकेट सर्व्हरवर असेल, तर डोमेन रिकामं ठेवणं म्हणजे दाराला कडी लावून कुलूप न घालणं. त्याच संस्थेकडून सर्टिफिकेट कुणालाही मिळतं. म्हणून रेडियससाठी मी कंपनीचीच अंतर्गत सर्टिफिकेट संस्था वापरायला सांगतो.

आयफोनवर तीन गोष्टी बघा. फोनचं सर्टिफिकेट आणि वाय-फायची सेटिंग एकाच प्रोफाईलमध्ये हवीत. विश्वासू सर्व्हरच्या नावांची यादी भरलेली हवी. आणि आयओएस १३ पासून ॲपलने टीएलएस सर्व्हर सर्टिफिकेटांना ८२५ दिवसांची मर्यादा घातली आहे, तेव्हा ‘एकदाच पाच वर्षांचं करून टाकू’ हा मोह आवरा.

सर्व्हरचं सर्टिफिकेट बदलताना क्रमही चुकतो. रूट, म्हणजे ज्याच्या आधारे सर्व्हरचं सर्टिफिकेट खरं मानलं जातं ते मूळ सर्टिफिकेट, बदलणार असेल तर नवं रूट आधी सगळ्या फोनवर पोचवा, जुनं तसंच राहू द्या. काही आठवडे थांबा, सुट्टीवरचे लोकही येऊन जाऊ द्या, आणि मग सर्व्हरला हात लावा. शनिवारी रात्री सर्व्हर बदलला आणि फोनवर नवं रूट सोमवारी पाठवू म्हटलं, तर सोमवारी ते पाठवायला वाय-फायच नसतं.

एकाचा फोन की सगळ्यांचे?

तक्रार आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो. एकच फोन अडत असेल तर तारीख, मुदत आणि प्रोफाईल बघा. सगळे एकाच क्षणी अडले तर फोनला हातही लावू नका, सर्व्हरकडे जा. तिथे बहुधा दोनपैकी एक सापडतं. एक म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या सर्टिफिकेटची मुदत. दुसरं, सीआरएल, म्हणजे रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी. या यादीलाही मुदत असते. ती संपली किंवा यादी सर्व्हरला मिळालीच नाही, तर एनपीएस, म्हणजे विंडोजचा रेडियस सर्व्हर, चांगल्या फोनलाही परत पाठवतो. रूट संस्था ऑफलाईन ठेवली असेल तर तिची यादी हाताने काढावी लागते. ती तारीख कॅलेंडरमध्ये घाला, एकाच्या नव्हे, दोघांच्या.

विंडोजच्या एनपीएसवर आणखी एक अडचण आहे, आणि तिचा संदेश सरळ दिशाभूल करतो. लॉगमध्ये ६२७३ क्रमांकाची नोंद, कारण १६, म्हणजे युजरनेम-पासवर्ड जुळत नाही. इथे पासवर्डच नाही! माणसं तासन् तास खाती रिसेट करत बसतात. अशा वेळी डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या, सिस्टिम लॉगमध्ये ३९ क्रमांकाची नोंद शोधा. मायक्रोसॉफ्टने मे २०२२ मध्ये सर्टिफिकेट आणि खातं यांची पक्की जोडणी मागायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती सक्तीची केली. सर्टिफिकेटमध्ये खात्याचा एसआयडी, म्हणजे विंडोजमधला ओळख क्रमांक, नसेल आणि खात्यावर पक्की जोडणी हाताने नोंदवलेली नसेल, तर दार बंद. सरळ उपाय म्हणजे एसआयडी असलेली सर्टिफिकेटं नव्याने द्यायची.

मुख्य ऑफिसात फोन जोडतो आणि शाखेत अडकतो, लॉगमध्ये निरोपांच्या काही फेऱ्या दिसतात आणि मग शांतता, असं असेल तर डेटाच्या पाकिटांचा आकार बघा. सर्टिफिकेटची साखळी मोठी असते, रेडियस यूडीपीवर चालतं, आणि वाटेतल्या व्हीपीएनमध्ये तुकडे गळतात. एनपीएसवर फ्रेम्ड-एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची मर्यादा, १३४४ करून बघा.

एकच फाईल सगळ्यांना

वेळ वाचवायला एकच सर्टिफिकेट फाईल करून, पासवर्डसकट, व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास जणांना पाठवलेली मी पाहिली आहे. कृपया असं करू नका. त्यातला एक फोन हरवला तर तेवढा एकच बंद करता येत नाही, पन्नासही बंद करावे लागतात. प्रत्येक फोनची खासगी की त्या फोनमध्येच तयार झाली पाहिजे आणि तिथून बाहेर पडता कामा नये. स्केप या सर्टिफिकेट मागवायच्या पद्धतीने हे होतं, फक्त त्याचा चॅलेंज पासवर्ड, म्हणजे मागणी करताना दाखवायचा पासवर्ड, सगळ्यांना एकच ठेवू नका.

आणि फोन हरवला तर सर्टिफिकेट रद्द करून थांबू नका. नवी सीआरएल आठवड्यातून एकदा निघत असेल, तर तोवर तो फोन सुखेनैव आत येत राहतो. नवी यादी लगेच काढा, रेडियस सर्व्हरवर साठलेली जुनी प्रत काढून टाका, एमडीएममधून फोन पुसायची आज्ञा द्या, आणि ती पोचल्याची खूण दिसली की वाय-फायच्या कंट्रोलरवरून त्याचं चालू सेशन तोडा. उलट क्रमाने केलं तर पुसायची आज्ञा पोचायला त्या फोनला वाय-फायच उरत नाही.